कोठडी रिकामी असल्याबाबत

गृहखात्याचे राज्यमंत्री शुक्रवारी दुपारी एका जुन्या पोलीस ठाण्याच्या कोठडीत बेचाळीस मिनिटं अडकले, आणि त्या बेचाळीस मिनिटांत त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूची लेखी कबुली दिली. आता, असं काही झालेलं नाही. सव्वा वाजता ते गाडीतून उतरले, सव्वादोनला शेजारच्या नव्या इमारतीची फीत कापली, मधला वेळ त्यांनी जुन्या आठवणींत घालवला असं प्रसिद्धिपत्रकात आहे, आणि प्रसिद्धिपत्रकाला खोटं बोलून काय मिळणार. सोमवारी जुनं ठाणं पाडलं. भिंतींसकट पाडलं, कारण भिंती ठेवून इमारत पाडायची सोय अजून निघालेली नाही. तेव्हा न झालेली गोष्ट कशी झाली नाही, तेवढंच सांगायचं आहे.

कल्पना फोटोवाल्याची. "साहेब, एक फोटो गजांमागून होऊन जाऊ द्या. तुमचीच जागा." सगळे हसले, म्हणून तोही हसला. हा माणूस, म्हणजे साहेब, एके काळी याच ठाण्याचा ठाणेदार होता, आणि गेली एकोणीस वर्षं त्याने कुठल्याही दाराला आतून कडी लावलेली नव्हती. बंगल्यावर तो आंघोळीला गेला की दार अर्धं उघडं असायचं आणि बाहेर एक शिपाई पाठ करून उभा असायचा. बायको म्हणायची, "एवढी माणसं तुमच्या धाकात आहेत म्हणे. आणि तुम्ही एका कडीच्या." पण सहा माणसं हसत असताना भीती वाटते असं सांगायची पद्धत कुठल्याच खात्यात नाही. तो आत गेला. कोठडी आठ बाय दहाची, वर हातभर झरोका, कोपऱ्यात सिमेंटचा ओटा. नको तितकी ओळखीची. फोटोवाला कॅमेऱ्यातूनच म्हणाला, "दार जरा ओढा हो कुणीतरी, गज येत नाहीयेत." कुणीतरी ओढलं. कुणी ते नंतर कुणालाच आठवलं नाही. कुलूप जुनं, ओढलं की बसणारं, त्याने स्वतःच मागवलेलं. खट् असा आवाज झाला. भिंतीवरचं घड्याळ दीड वाजून एक मिनिट दाखवत होतं. फोटोवाल्याने चार फोटो काढले, अंगठा वर केला, आणि मुख्यमंत्र्यांची गाडी नाक्यावर आल्याची आवई उठताच बाकीच्या पाच जणांसकट उद्घाटनाच्या मांडवाकडे पळाला. मागे साहेबांचा पीए राहिला. पीएने दार ढकललं. मग ओढलं. मग कुणी बघत नाही असं पाहून खांद्याने धक्का दिला, आणि दार तसंच राहिलं तेव्हा, जणू दारानेच काही आगाऊपणा केला असावा अशा आवाजात, "हे काय," असं म्हणाला.

किल्ल्या दोन होत्या. एक ठाणेदाराच्या कमरेला, आणि ठाणेदार मुख्यमंत्र्यांना आणायला वेशीपर्यंत गेलेला. दुसरी ठाणे अंमलदाराच्या टेबलात, लाखेचं सील केलेल्या पाकिटात. ठाणे अंमलदार म्हणजे त्या दिवशी रजिस्टरवर बसलेल्या एक बाई होत्या, नोकरीला दीड वर्ष झालेल्या, समास पट्टीने आखणाऱ्या. त्या लगेच उठून आल्या. पाकीट घेऊन आल्या, रजिस्टरही घेऊन आल्या, आणि गजांपाशी स्टूल ओढून रजिस्टर उघडून बसल्या. "साहेब, नोंद काय करू?" पीए म्हणाला, "अहो नोंद कसली, कुलूप काढा." बाई म्हणाल्या, "काढते ना. पण रजिस्टरप्रमाणे कोठडी रिकामी आहे. रिकाम्या कोठडीचं कुलूप काढायला कारण लागतं." "साहेब आत आहेत, हे कारण." "मग साहेब आत आल्याची नोंद आधी करावी लागेल. आणि आत आल्याच्या नोंदीला गुन्ह्याचं कलम लागतं. कुठलं लावू?" पीएने त्यांच्याकडे बघितलं. थट्टा करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कुठेतरी एखादी फट असते. इथे फट नव्हती. बाई पेनाचं टोपण पेनाच्या मागे नीट बसवत होत्या. त्यांनी पेनाने समोरच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे काचेच्या चौकटीत पिवळा पडलेला एक कागद होता. स्थायी आदेश क्रमांक सात. ठाणे प्रमुखांच्या किंवा वरिष्ठांच्या लेखी नोंदीविना कोठडीचे कुलूप कोणत्याही कारणास्तव उघडू नये. खाली सही. सही आत उभ्या असलेल्या माणसाची.

त्याला सही ओळखू आली. तारीखही ओळखू आली, आणि तारखेने त्याला घाम फुटला, कारण ती खरी तारीख नव्हती. आदेश त्याने एका सोमवारी लिहिला होता आणि त्यावर आदल्या सोमवारची तारीख टाकली होती, कारण मधल्या गुरुवारी याच कोठडीत एक माणूस मेला होता. त्या दिवशी इथे कुणी नोंदीशिवाय असणं शक्यच नव्हतं, आदेशच होता तसा, असं नंतर सांगता यावं म्हणून. माणूस घड्याळजी होता. समोरच्या बागेपलीकडे त्याचं दुकान, दुकान कसलं, एक खोकं, त्यात तो आणि चाळीसेक घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. गावातल्या कुणा बड्या माणसाचं सोन्याचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं ते हरवलं, निदान बडा माणूस तसं म्हणत होता. घड्याळजी म्हणत होता की घड्याळ परत गेलं, त्यांच्या ड्रायव्हरने नेलं. सकाळी अकराच्या सुमाराला त्याला विचारायला आणला. नुसतं विचारायला, म्हणून नोंद केली नाही. नोंद नाही म्हणून झडतीही घेतली नाही, कारण झडती घेतली की झडतीची नोंद आली. रीतच होती ती. नुसतं बसवून ठेवलेल्या माणसाला ठाण्यात पाहुणा म्हणत. एका डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटलेला तो पाहुणा ओट्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "साहेब, माझं नाव तरी लिहून घ्या." दमेकऱ्याचा आवाज, प्रत्येक शब्दाआधी एक शिट्टी. "लिहिलं म्हणजे कसं, हरवलं तरी शोधता येतं. मी पण चिठ्ठी बांधल्याशिवाय घड्याळ ठेवून घेत नाही." यावर ठाणेदार म्हणाला होता, "तुझी चिठ्ठी बांधतो थांब." आणि हवालदार हसला होता. विनोद वाईट नव्हता. आजही वाईट वाटत नव्हता, हेच त्याला गजांमागे उभं राहून भयंकर वाटलं.

"लेखी नोंद नको," पीए गजांशी तोंड नेऊन कुजबुजला. "साहेब, एकदा रजिस्टरमध्ये आलं की बाहेर पत्रकार आहेतच. मंत्री कोठडीत. कलम कुठलं का असेना." बाई म्हणाल्या, "साहेबांनी आतून लेखी आदेश दिला तरी चालेल. मी अमुक ठिकाणी आहे, सबब कुलूप उघडावे. वरिष्ठच आहेत ते. मी लगेच उघडते." पीए म्हणाला, "तेही लेखीच झालं ना, बाई." बाई म्हणाल्या, "हो. लेखीच." मांडवातून माइक तपासण्याचा आवाज आला, एक दोन तीन, एक दोन तीन, तीनच्या पुढे जायची कुणाला परवानगी नसावी तसा. "तोडा कुलूप," तो म्हणाला. स्वतःच्या आवाजात शिट्टी आहे की काय असा त्याला संशय आला. पीए म्हणाला, "तोडलं तर आवाज होईल साहेब. लोक येतील." हे त्याला पटलं. आयुष्यभर त्याला असंच पटत आलं होतं. पीए ठाणेदाराला फोन लावत पायरीवर गेला, फोन लागत नव्हता. साहेबांचा फोनही पीएच्याच खिशात होता, नेहमी असायचा.

घड्याळजीला त्या दिवशी ओट्यावर बसवून तो स्वतः कुठे गेला होता, तर दाढीला. बढतीच्या फाइलला फोटो हवा होता. न्हाव्याच्या आरशात त्याला आपला चेहरा आवडला होता, हे त्याला एकोणीस वर्षं स्वच्छ आठवत होतं, बाकीचं तो हळूहळू अस्वच्छ करत आला होता. गरम पाण्याचा टॉवेल तोंडावर होता, त्या अंधारात छान वाटत होतं, आणि त्याच सुमाराला इकडे पाहुणा गजांना धरून, बाहेर बसू द्या, आत हवा लागत नाही, असं सांगत होता, आणि हवालदाराने, साहेब आल्यावर बघू, असं सांगितलं होतं. तो परत आला तेव्हा गालाला तुरटीचा गारवा होता. हवालदार दारात उभा. म्हणाला, "साहेब, घड्याळ थांबलं." तो हसायच्या बेतात होता. मग त्याने आत पाहिलं. पाहुणा भिंतीशी टेकून बसला होता, मान किंचित कलती, कुणीतरी हळू आवाजात बोलत असावं आणि हा कान देऊन ऐकत असावा असा. मग दोघांनी त्याला मध्ये घेऊन जीपमध्ये बसवला आणि भर दुपारी बागेतल्या बाकावर, त्याच्याच खोक्यासमोर, हातात वर्तमानपत्र देऊन ठेवला. वर्तमानपत्र उलटं धरलं गेलं होतं. हवालदाराच्या लक्षात आलं, तो परत गेला आणि त्याने ते सुलटं केलं. एवढी काळजी.

पाचला घड्याळजीची बायको आली. बागेतलं अजून तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "यांना सकाळी इथे आणलं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. त्याने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "बघा. नाव आहे का?" तिने बोट ठेवून वरून खाली वाचलं. मग खालून वर वाचलं. रजिस्टर इतकं नीट वाचणारं माणूस त्याने नोकरीत दुसरं पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणताय, नाही." "हो. नाही." मग भांडणाचा नाही, नुसता पत्ता विचारावा तसा तिने प्रश्न केला, "मग इथून ते कुठे गेले?" चौकशी झाली तेव्हा त्याने एकच वाक्य पाच वेळा सांगितलं, नोंद नाही म्हणजे माणूस आत नव्हता. पाचव्यांदा सांगताना त्याला ते खरंच वाटलं. खोलीत मागे एक पुढारी बसले होते, बड्या माणसाच्या ओळखीचे. बाहेर पडताना ते म्हणाले, "तुम्ही पोलिसात वाया चाललाय." आणि तिथून पुढे सगळं एखाद्या उतारावर सायकल सोडल्यासारखं. राजीनामा, नगरपालिका, मग विधानसभा, मग खातं. सभागृहात त्याच्या उत्तरांची लोक वाट बघत. अमुक ठाण्यात तमुक घडले हे खरे आहे काय. नाही. असल्यास शासनाने कोणती कारवाई केली. प्रश्न उद्भवत नाही. लेखणीने तो मोर्चे घडलेले नव्हते असे करी, अहवाल आलेले नव्हते असे करी, एकदा तर त्याने एक अख्खा पूल पडलेला नव्हता असा केला, आणि लोक दोन महिने त्या पुलाच्या अलीकडे येऊन बुचकळ्यात पडत. घरी बायको म्हणायची, "तुमचं बरं आहे. तुम्हाला काही आठवतच नाही." तो म्हणायचा, "काय आठवायचं?" ती त्यावर भांडी आवरायला लागायची.

आता त्याला बसावंसं वाटलं. ओट्यावर नको, म्हणून तो भिंतीशी खाली बसला, आणि बसल्यावर कळलं की हीच ती जागा. रंगाचे पोपडे सुटले होते, चार ठाणेदारांचे चार रंग, आणि बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, सगळ्यांच्या खालच्या चुन्यात, काहीतरी कोरलेलं होतं. आधी त्याला वाटलं तडा आहे. तडा इतका सरळ जात नाही. तीन उभ्या रेघा होत्या, पट्टीने आखल्यासारख्या, आणि रेघांमध्ये अक्षर, इतकं बारीक आणि इतकं नेमकं की डोळ्याला भिंग लावूनच लिहिलं असावं. झडती घेतली नव्हती. बारका पेचकस खिशातच राहिला असणार. पहिल्या रकान्यात पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. ते वाचताना त्याच्या लक्षात आलं की हे नाव त्याला आठवत नव्हतं असं नाही, त्याने ते कधी ऐकून घेतलंच नव्हतं. दुसऱ्या रकान्यात, आत येण्याची वेळ, अकरा वीस. तिसऱ्यावर लिहिलं होतं, बाहेर जाण्याची वेळ. त्याखाली काही नव्हतं.

भीती म्हणजे काय असतं ते त्याला इतके दिवस दुसऱ्यांच्या तोंडावर वाचून माहीत होतं. स्वतःची लागली तेव्हा ती आधी बोटांत आली. छातीवर मान्यवराचा बिल्ला होता, त्याची टाचणी त्याने काढली आणि अकराच्या पहिल्या अक्षरावर घासली. चुना पडला. सोमवारी भिंत पडणारच आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण सोमवार लांब होता आणि अक्षर जवळ. पहिलं अक्षर गेलं. धूळ घशात गेली, तो खोकला, आणि खोकल्यानंतरचा श्वास आत येईना. आला तेव्हा शिट्टी वाजवत आला. झरोका वर होता, फार वर. बाहेर तीच दुपार होती. पीए पायरीवर फोनला म्हणत होता, "साहेब इथेच आहेत, म्हणजे इथे नाहीत, पोचतायत." बाई स्टुलावर बसून कोऱ्या ओळीकडे बघत होत्या. आत्ता इथेच आपलं काही झालं, तर ही दोघं काय करतील ते त्याला पायरीपायरीने दिसलं, कारण ते सगळं त्यानेच शिकवलेलं होतं. दोघं आपल्यामध्ये घेतील. गाडीत बसवतील. मांडवातल्या खुर्चीवर, हातात भाषण. सुलटं. बायको येईल आणि विचारेल, इथून ते कुठे गेले. रजिस्टर तिच्याकडे फिरवतील. ती वरून खाली वाचेल. ती खालून वर वाचेल की नाही याची मात्र त्याला खात्री वाटेना, आणि तेवढ्या एका गोष्टीने त्याला रडू यायला लागलं. त्याने टाचणी थांबवली. या जागेत कधी कुणी होतं हे सांगणारी एवढी एकच नोंद जगात होती, आणि ती खोडून झाल्यावर इथे कुणीच नसणार होतं, घड्याळजीही नाही आणि तोही नाही.

"बाई," तो म्हणाला. "पेन द्या."

बाईंनी टोपण काढून पेन गजांतून दिलं. "कागद आहे का साहेब?" कागद होता. खिशातल्या भाषणाची मागची बाजू कोरी होती, पुढच्या बाजूला कायद्याचे राज्य असं मोठ्या अक्षरात टाइप केलेलं. तो जमिनीवर पसरून लिहू लागला. गेल्या कित्येक वर्षांत त्याने स्वतः नाही आणि प्रश्न उद्भवत नाही यापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं, अक्षर लहान मुलासारखं मोठं येत होतं. मध्येच त्याने विचारलं, "बाई, जो माणूस बाहेर गेल्याची नोंद नाही, तो नियमाने कुठे असतो?" बाईंनी विचार केला. "आतच असतो साहेब. नोंद होईपर्यंत." "आणि आत आल्याची पण नसेल तर?" बाई म्हणाल्या, "तसा माणूस मी अजून बघितला नाही." मग गजांतून त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे, आजपर्यंत." हे लिहिताना त्याचा श्वास थोडा सैल झाला होता, का ते त्याला कळलं नाही, आणि कळून घ्यायला वेळही मिळाला नाही. बाहेर जीपचा ब्रेक लागला. ठाणेदार धावत आला, टोपी काखेत, कमरेची किल्ली आधीच हातात, आणि नोंद कसली, कारण कसलं, आदेश क्रमांक सातकडे पाठ करून त्याने कुलूप काढलंसुद्धा. "माफी असावी साहेब, माफी असावी." दार उघडलं. दोन वाजून तेरा मिनिटं. पीए आत आला, त्याने साहेबांच्या गुडघ्यावरचा चुना झटकला, बिल्ला पुन्हा टोचला, आणि हात पुढे केला. "भाषण द्या साहेब, इकडे. चुरगळलंय. दुसरी प्रत आहे माझ्याकडे."

साहेबांनी हात मागे घेतला. कागद बाईंकडे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि वाचताना बोट ठेवलं. "साहेब, याला आवक क्रमांक देता येईल," त्या हळू म्हणाल्या. "पण अर्जदार कोठडीत असल्याचं लिहिलंय. अर्जदार आता इथे नाहीत. रजिस्टरप्रमाणे नव्हतेही." "मग?" साहेबांनी विचारलं. पीए म्हणाला, "मग प्रश्न उद्भवत नाही," आणि कागद बाईंच्या हातातून अलगद घेऊन चार घड्या घालून खिशात ठेवला. साहेबांनी तोंड उघडलं. मांडवात त्यांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि पाय आपोआप टाळ्यांकडे निघाले, त्यांना दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. बाईंनी पट्टी घेतली, समास आखला, आणि त्या तारखेच्या ओळीत नियमाप्रमाणे लिहिलं, कोठडी रिकामी. कागदावर होतं ते असं.

प्रति,
मा. ठाणे प्रमुख यांस,

विषय : कोठडीत असल्याची नोंद होणेबाबत.

महोदय,

वरील विषयी अर्ज करतो की, मी आज दुपारी एक वाजून एकतीस मिनिटांपासून आपल्या कोठडीत आहे. माझ्यावर कोणतेही कलम लावलेले नाही. कोणते लावावे हे मला ठाऊक आहे व विचारल्यास सांगेन. माझ्या आधी या कोठडीत एक इसम, धंदा घड्याळदुरुस्ती, सकाळी अकरा वीस वाजता आलेले असून त्यांचे पूर्ण नाव उत्तरेकडील भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे. वेळेचे पहिले अक्षर मी खोडले आहे, ते अ असे वाचावे. त्यांनी नाव लिहून घेण्याची तोंडी विनंती केली होती, ती मी फेटाळली. ते चालत बाहेर गेलेले नाहीत. त्यांच्या पत्नीने ते कुठे गेले असे विचारले होते, त्याचे उत्तर देणे बाकी आहे. स्थायी आदेश क्रमांक सातवरील तारीख खोटी आहे.

तरी प्रथम त्यांची व त्यानंतर माझी नोंद क्रमाने घेण्यात यावी, बाहेर जाण्याच्या रकान्यात त्यांची वेळ भरल्याशिवाय माझी भरण्यात येऊ नये, आणि तोपर्यंत सदर भिंत पाडण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.